पावसानं कमावलेला डोंगर

सुरजागडच्या डोंगरावरचा दगड उचलला की हात खाली जातो. डोळ्यांनी बांधलेल्या अंदाजाच्या जवळजवळ दुप्पट वजन त्यात निघतं. वरून तो करडा, काळपट, कुठेकुठे निळसर चकाकणारा. पण पांढऱ्या फरशीच्या खरखरीत पाठीवर घासला की रेघ उमटते ती कुंकवाच्या रंगाची. हेमॅटाइट ओळखायची ही सगळ्यांत सोपी खूण. गडचिरोली जिल्ह्यात, एटापल्ली तालुक्यातल्या एका आश्रमशाळेत मी भूगोल शिकवत असे, तेव्हा वर्गाच्या खिडकीत असे दगड ओळीनं मांडलेले असायचे. मुलं सुट्टीवरून परतताना आणत. माडिया आदिवासी मुलांना तो दगड जन्मापासून ठाऊक होता. त्याचं वय सांगितलं की मात्र वर्ग गप्प व्हायचा.

पाठ्यपुस्तकातला महाराष्ट्र काळ्या खडकाचा आहे. ज्वालामुखी, बेसॉल्ट, काळी माती, कापूस. माझं गाव वर्धेकडचं, म्हणजे मीही त्याच मातीतला. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा हा सगळा प्रदेश बहुतांशी त्या लाव्हाच्या थरांवर वसलेला, आणि तो लाव्हा साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. वैनगंगा ओलांडून पूर्वेला आलं की हे सारं मागे राहतं. इथला पायाच निराळा. ग्रॅनाइट, नाइस, आणि त्यांच्यावर घड्या पडून उभे राहिलेले लोहखडकाचे लांबट डोंगर. भूशास्त्राच्या नकाशात हा भाग बस्तर क्रेटॉनमध्ये, म्हणजे भूकवचाच्या एका अतिप्राचीन, स्थिर तुकड्यात येतो. इथल्या लोहखडकाचे थर साचले ते सुमारे अडीच अब्ज वर्षांपूर्वी, समुद्राच्या तळाशी. तेव्हा हवेत मोकळा प्राणवायू जवळपास नव्हता, म्हणून लोह पाण्यात विरघळून राहू शकत होतं. उन्हावर जगणारे सूक्ष्म जीव प्राणवायू सोडू लागले तसतसं ते लोह गंजून तळाशी बसत गेलं. एक थर लोहाचा, एक थर सिलिकाचा, पुन्हा लोहाचा. फुटलेल्या कड्यावर हे पट्टे आजही बोट फिरवून मोजता येतात.

पण हा पट्टेदार खडक म्हणजे खाणीतलं खनिज नाही. त्यात लोह असतं साधारण ३० टक्के. उरलेलं बहुतेक गारगोटीच्या जातीचं. भट्टीला हवं असतं ६० टक्क्यांच्या वरचं. मधला सगळा पल्ला पाण्यानं गाठला. खडक उघड्यावर आला, पाऊस त्याच्या भेगांतून खाली मुरत गेला, सिलिका थोडी थोडी विरघळून वाहून गेली आणि लोह जागच्या जागी राहिलं. हे काम कोट्यवधी वर्षं चाललं. गेलेल्या सिलिकेच्या जागी खडकात पोकळ्या पडल्या, आणि त्या पोकळ्यांत पुढचा पाऊस साठू लागला. सुरजागडबद्दल मला जे सांगायचं आहे ते सगळं या एका गोष्टीतून निघतं. तिथलं खनिज आणि तिथलं पाणी यांची घडण एकच आहे.

तो पाऊस आजही तसाच पडतो. गडचिरोलीचं पाऊसमान बुलढाण्याच्या जवळजवळ दुप्पट. बंगालच्या उपसागरावरून कमी दाबाचे पट्टे एकामागून एक आत सरकतात आणि हे डोंगर त्यांच्या वाटेवरच आहेत. जुलै-ऑगस्टमध्ये सूर्य दिसायचा नाही. वह्यांची पानं मऊ पडत, भिंतींना बुरशी धरे, चुलीत फुंकून फुंकून स्वयंपाकिणींचे डोळे लाल होत. भामरागडला पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती एकत्र येतात. पर्लकोटेला पूर आला की पलीकडचं जग बंद. दरवर्षी. बाहेरून आलेल्या माणसाला हे दिवस जड जातात. पण याच दिवसांत बांबूच्या बेटांतून वास्ते (कोवळे कोंब) फुटतात, वारुळांवर सात्या (अळंबी) उगवतात, आणि मुलांच्या घरून आलेल्या डब्याला जो वास असतो तो वर्षभर पुन्हा मिळत नाही.

डोंगराच्या माथ्यावर जंगल विरळ आहे. लोहखडकाचं कवच इतकं टणक असतं की मुळांना शिरायला वाव नसतो. तिथे गवत, खुरटी झाडं, पावसाळ्यात चार आठवडे जगून जाणारी नाजूक रोपटी. उतारावर साग, ऐन, बिजा, मोह, तेंदू, चारोळी. आणि दोन सोंडांच्या मधल्या घळीत शिरलं की हवाच बदलते. तिथे गोरगा आढळतो. माशाच्या शेपटीसारख्या पानांचा हा ताड, ज्याचा रस माडिया माणूस मोठ्या आवडीनं पितो. गोरग्याला ओलावा लागतो, उन्हाळ्यातही लागतो. विदर्भात मे महिन्यात जिथे गोरगा तजेलदार उभा आहे तिथे जमिनीत पाणी आहे, हे मला पुस्तकातून कळलं नव्हतं. एका गायत्यानं, म्हणजे गावच्या पुजाऱ्यानं दाखवलं. तो म्हणाला होता, "गुरुजी, खालची बोडी आटते, विहीर आटते. वरच्या झऱ्याले पानी रायते. तो डोंगर पानी देत रायते ना." (बोडी म्हणजे लहान तळं.)

मग मुलांना एक काम दिलं. उन्हाळ्याच्या सुट्टीत आपापल्या गावाजवळचे झरे बघायचे, कुठला वाहतो आहे, कुठला आटला आहे, तो डोंगराच्या किती उंचीवरून निघतो. शाळा उघडल्यावर सगळं एका मोठ्या कागदावर आणलं. झरे सगळीकडे विखुरलेले नव्हते. बहुतेक एका पातळीच्या आसपास होते, उताराच्या मधोमध, जिथे वरचा सच्छिद्र लोहखडक संपतो आणि खाली घट्ट, पाणी न मुरू देणारा खडक लागतो. वर पडलेलं पाणी लोहखडकातून उतरत येतं, खालच्या खडकावर अडतं आणि बाजूनं बाहेर पडतं. जलभूशास्त्राच्या पुस्तकात याची आकृती असते. आमच्या कागदावर ती पेन्सिलनं, मुलांच्या हातानं उमटली होती, आणि प्रत्येक टिंबाशेजारी त्या झऱ्याचं माडिया नाव होतं.

लोखंडही इथल्या लोकांना खाणकंपन्यांच्या कितीतरी आधी माहीत होतं. मध्य भारताच्या या पट्ट्यात मातीच्या कमरेएवढ्या भट्ट्यांत लोखंड गाळत. खनिज फोडायचं, लाकडी कोळशाबरोबर थर देऊन भरायचं, चामड्याच्या भात्यांनी सतत वारा घालायचा. भट्टी खनिज पूर्ण वितळवण्याइतकी तापत नसे. वितळून वाहायचं ते कीट, आणि आत उरायचा लोखंडाचा सच्छिद्र गोळा. तो लाल असतानाच घणानं ठोकून ठोकून त्यातलं उरलेलं कीट काढायचं. कुऱ्हाड, फाळ, बाणाचं टोक, विळा हे सगळं त्यातून. डोंगराला याचा ओरखडासुद्धा पडत नसे, कारण लागायचं ते पायथ्याला गळून पडलेले दगड. एकोणिसाव्या शतकात कारखान्यातलं इंग्लिश लोखंड स्वस्तात बाजारात आलं, १८७८ च्या वन कायद्यानंतर राखीव जंगलातून कोळसा पाडणं अवघड झालं, आणि भट्ट्या थंड पडल्या. हा धंदा मेला याची हळहळ मला वाटते, कारण त्याबरोबर खनिज पारखण्याची, कोळशाचं लाकूड निवडण्याची, आचेचा रंग बघून वेळ ठरवण्याची विद्याही गेली. ती इथे फारशी कोणी लिहून ठेवली नाही, आणि ज्यांच्या हातात होती त्यांच्या नातवंडांना आम्ही शाळेत लोखंडाचा धडा शिकवत होतो.

मोठ्या कारखान्याचं स्वप्नही पहिल्यांदा याच चांदा जिल्ह्यात पाहिलं गेलं. (चांदा म्हणजे आजचं चंद्रपूर. गडचिरोली जिल्हा त्यातून वेगळा झाला १९८२ मध्ये.) १८८२ मध्ये जमशेटजी टाटांच्या वाचनात रिटर फॉन श्वार्त्झ या जर्मन तज्ज्ञाचा अहवाल आला. चांदा जिल्ह्यात लोखंडाचा धंदा कितपत परवडेल यावरचा. त्यात सिंदेवाहीकडच्या लोहारा गावाच्या खनिजाचं वर्णन होतं. वरोऱ्याला कोळशाची खाण होती. जमशेटजींना नागपूर परकं नव्हतं. त्यांची एम्प्रेस मिल तिथे १८७७ पासून चालू होती. लोखंड आणि कोळसा एकाच जिल्ह्यात, आणखी काय हवं? त्यांनी वरोऱ्याचा कोळसा तपासून घेतला. तो पोलादाच्या कामाचा निघाला नाही, सरकारच्या अटीही जाचक होत्या, आणि बेत वीसेक वर्षं मागे पडला.

पुन्हा हालचाल झाली ती विसाव्या शतकाच्या सुरुवातीला. अमेरिकन तज्ज्ञ चार्ल्स पेज पेरिन यांचे सहकारी सी. एम. वेल्ड, जमशेटजींचे चिरंजीव दोराबजी आणि भाचे शापुरजी सकलातवाला चांद्याच्या जंगलात शिरले. बैलगाडी, तंबू, वाघाची भीती, पिण्याजोग्या पाण्याची टंचाई. लोहाऱ्याचं खनिज वेल्डना उत्तम वाटलं, पण मोठ्या कारखान्याला पिढ्यान्‌पिढ्या पुरेल एवढं ते सलग नव्हतं. दोराबजी हा निर्णय कळवायला नागपूरच्या सचिवालयात गेले. ज्या अधिकाऱ्याला भेटायचं होतं तो जागेवर नव्हता. वेळ काढायला ते समोरच्या संग्रहालयात शिरले. नागपूरकर ज्याला अजब बंगला म्हणतात तेच ते. तिथे भिंतीवर मध्य प्रांताचा भूशास्त्रीय नकाशा होता, आणि त्यात आजच्या छत्तीसगडमधल्या दुर्गजवळ लोखंडाचा ठळक रंग दिलेला होता. ती जागा म्हणजे धल्ली-राजहरा. ती शोधली होती प्रमथनाथ बोस या बंगाली भूशास्त्रज्ञानं. पुढे याच बोसांनी १९०४ मध्ये टाटांना मयूरभंजच्या डोंगरांची माहिती कळवली आणि कारखाना तिकडे, साकचीला गेला. साकचीचं जमशेदपूर झालं. राजहऱ्याच्या खनिजावर स्वातंत्र्यानंतर भिलाई उभं राहिलं.

मुलांना ही गोष्ट फार आवडायची. मला तिच्यातली एक बाजू जास्त महत्त्वाची वाटते. लोहाऱ्यापाशी रस्ता संपत होता म्हणून शोधही तिथेच संपला. दक्षिणेला, इंद्रावतीच्या बाजूला, त्याहून मोठे डोंगर उभे होते. पण तिथवर ना गाडीवाट, ना पूल, आणि वर्षातले चार महिने पाण्याचा वेढा. पावसानं घडवलेल्या डोंगराची राखणही शंभर वर्षं पावसानंच केली.

त्या शंभर वर्षांत इथून बाहेर गेलं ते लाकूड. आलापल्लीचा साग देशभर गेला. जुनं जंगल कसं होतं ते बघायचं असेल तर आलापल्लीजवळचं 'वनवैभव' बघावं. अवघे सहा हेक्टर, २०१४ मध्ये जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर झालेलं. तिथल्या एकेका सागाला कवेत घ्यायला दोघंतिघं लागतात. बाकी ठिकाणची तशी झाडं इमारतींत आणि आगगाडीच्या डब्यांत गेली.

लोकांच्या मनात मात्र डोंगर कधीच नुसत्या मालाचा साठा नव्हता. सुरजागडावर ठाकूरदेवाचं ठाणं आहे. दर जानेवारीच्या सुरुवातीला तिथे जत्रा भरते, आणि सुरजागड इलाख्यातल्या सत्तर गावांच्या पारंपरिक गोटुल समितीची, ग्रामसभांची माणसं तिथे जमतात. देवांच्या भेटी होतात, ढोल वाजतात, आणि त्याच मांडवात जंगलाचे, बांबूचे, तेंदूपत्त्याचे, खाणीचे प्रश्नही बोलले जातात. इंग्रजांविरुद्ध लढून २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्याच्या तुरुंगात फासावर गेलेले बाबूराव शेडमाके यांच्या आठवणीही लोक या डोंगराशी जोडतात.

२००७ मध्ये इथल्या सुमारे ३४८ हेक्टरांवर एका खासगी कंपनीला खाणपट्टा मिळाला. वर्षानुवर्षं काम उभं राहिलं नाही. २०१६ मध्ये थोडं सुरू झालं आणि त्याच डिसेंबरात माओवाद्यांनी सत्तर-ऐंशी वाहनं जाळली. २०२१ पासून मात्र खाण जोरात चालते आहे. वर्षाला ३० लाख टनांची परवानगी २०२३ मध्ये एक कोटी टनांवर गेली, आणि तिथेही थांबलेली नाही. चामोर्शी तालुक्यात कोनसरीला कारखाना उभा राहिला. जिल्ह्याला पोलादाचं केंद्र करायची भाषा आता मुंबईतून होते. एटापल्ली-आलापल्ली-आष्टी रस्त्यानं जाताना दोन्ही बाजूंच्या झाडांची पानं तांबडी झालेली दिसतात, आणि वाहनांच्या रांगा संपता संपत नाहीत.

माझी काही मुलं या खाणीवर नोकरीला आहेत. कोणी डंपर चालवतं, कोणी वर्कशॉपमध्ये आहे. एकानं घराला पत्रे घातले, बहिणीला नागपूरला नर्सिंगला पाठवलं. त्यांचा पगार मला खुपत नाही. इतकी वर्षं या तालुक्यात तेंदूपत्त्याच्या पंधरा दिवसांपलीकडे रोख पैसा दिसत नव्हता. रस्ता आणि दवाखान्यासाठी लोकांनी किती खेटे घातले ते मी पाहिलं आहे. लोखंड देशाला लागतं हेही खरं. मी हे ज्या टेबलावर लिहितो आहे त्याचे पायही लोखंडाचे आहेत.

तरीही खाणीच्या हिशोबात एक रकाना रिकामा राहतो, आणि तो राहतो याचं मला मनापासून दुःख होतं. खनिज टनांत मोजलं जातं, त्यातलं लोह टक्क्यांत, तोडलेली झाडं संख्येत, त्यांच्या बदल्यात लावायची झाडं हेक्टरांत. त्या खनिजाच्या पोकळ्यांत जे पाणी उभं असतं ते कुठेच मोजलं जात नाही. हे खनिज म्हणजेच डोंगराचा जलसाठा आहे. वरचा लोहखडक पायऱ्या पायऱ्यांनी उतरवत नेला की पावसाला मुरायला जागा उरत नाही. तो पडतो तसा वाहून जातो, आणि जाताना लाल गाळ घेऊन जातो. जंगल पुन्हा लावता येईल असं कोणी म्हणालं तर मी वाद घालणार नाही, निदान प्रयत्न तरी करता येईल. पण सच्छिद्र खडक कोणी लावू शकत नाही. तो व्हायला जे लागतं ते माणसाच्या हातात नाही.

इंद्रावतीपलीकडे, छत्तीसगडच्या दंतेवाड्यात बैलाडिला आहे. याच जातीचा, याहून मोठा डोंगर. तिथे १९६८ मध्ये खाण सुरू झाली आणि खनिज रेल्वेनं विशाखापट्टणमला, तिथून जहाजानं जपानला जाऊ लागलं. शंखिनी नदीचं पाणी पुढची कित्येक वर्षं तांबडं वाहिलं. सुरजागडला काय होऊ शकतं हे समजायला वेगळ्या तज्ज्ञांची गरज नाही, एका दिवसाच्या प्रवासावर ते घडून गेलेलं आहे. दुसरं उदाहरण ओडिशातल्या नियमगिरीचं. तिथे बॉक्साइट, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचं खनिज आहे, तेही मुरत्या पावसानंच घडवलेलं, तेही डोंगरमाथ्यावर पाणी धरून ठेवणारं. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं खाणीचा निर्णय ग्रामसभांवर सोपवला आणि डोंगरिया कोंध आदिवासींच्या त्या भागात ज्यांना विचारलं त्या बाराही गावांनी नाही म्हटलं. त्यांनी देवाचं नाव घेतलं तसंच झऱ्यांचंही घेतलं. आपल्या जिल्ह्यात तर मेंढा-लेखा आहे. वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये आपल्या जंगलावर सामूहिक हक्क मिळवणारं, ग्रामसभेत सर्वांच्या सहमतीनं निर्णय घेणारं गाव. गडचिरोलीला ग्रामसभा म्हणजे काय हे बाहेरून शिकवायला नको.

सुरजागडाचा जो भाग फुटला तो फुटला. पण एटापल्ली आणि भामरागड तालुक्यांत असे आणखी डोंगर आहेत, आणि त्यांच्यासाठीही प्रस्ताव आहेत. त्यांच्याबद्दलच्या जनसुनावणीत रोजगार किती, रस्ता कुठून, भरपाई कशी हे विचारलं जातं. ते विचारायलाच हवं. त्याआधी एक कागद टेबलावर असला पाहिजे. या डोंगरातून निघणारे झरे कोणते, त्यांची नावं काय, मे महिन्यात प्रत्येकात पाणी किती, त्यावर कोणती गावं, कोणती धानाची बांधी, कोणती बोडी जगते. असा कागद ज्या डोंगराचा नाही, त्याचा खाणपट्टा देऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. आणि तो कागद कंपनीनं नेमलेल्या सल्लागारानं करू नये, गावानं करावा.

करणं कठीण नाही. झऱ्याच्या तोंडाशी पन्हळ लावायची, खाली मापाची बादली धरायची, भरायला किती सेकंद लागतात ते घड्याळात बघायचं आणि तारखेसह लिहायचं. दर पंधरवड्याला, त्याच जागी. सातवीतलं पोर हे करू शकतं. माझ्या वर्गातले काही जण आता ग्रामसभेच्या वनहक्क समित्यांवर आहेत. त्यांच्याशी बोलणं झालं आहे. जिथे अजून खणणं सुरू झालेलं नाही त्या डोंगरांपासून सुरुवात करायची असं ठरतं आहे. होळी झाली की मोजायला लागायचं, कारण मृगाचा पहिला पाऊस पडला की उन्हाळ्याचं पाणी किती होतं ते पुढचं वर्षभर कळत नाही.